तांबडी पात

फुएन्तेओलिवा,
४ मे २००४

प्रिय इसिदोरो,

तुझं पत्र परवा पोचलं. इकडे सगळं ठीक आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण चालतो. चालतो कसला, पळतो. वहिनींच्या रक्तदाबाचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. त्यांना सांग, मीठ सोडा पण ऑलिव्ह सोडू नका. बाजारात गोगलगायी आल्यात. शनिवारी पुदिना घालून पातेलंभर उकडल्या आणि एकटीनं खाल्ल्या. तू इथं असतास तर निम्म्या तुझ्या पुढ्यात ठेवल्या असत्या. बघ, भांडणाच्या पत्रातही मी तुझा वाटा काढते आहे.

हो, हे भांडणाचंच पत्र आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

तू दोन गोष्टी मागितल्या आहेस. पहिली, तेवीस तारखेच्या रविवारी जत्रेच्या रिंगणात मी पाच तांबड्या घोड्यांची, गळ्याला गळा बांधलेली पात उतरवू नये. उतरवायचीच तर पागेतल्या पाच पांढऱ्या उतरवाव्यात. दुसरी, पात मी धरू नये, एखाद्या गड्याच्या हातात द्यावी, कारण माझं वय सत्तेचाळीस आहे, मी बाई आहे आणि मुख्य परीक्षकाच्या खुर्चीत माझा सख्खा भाऊ आहे. दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. खुर्चीची अडचण वाटत असेल तर खुर्ची तुझी आहे, घोड्या माझ्या नाहीत. त्या बाईसाहेबांच्या आहेत. मी फक्त दाणा घालते, खरारा करते, नाळ कापते आणि मेल्या की रडते.

दोन वर्षांपूर्वी नियम बदलला, हे माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत. स्पॅनिश घोडा तांबडा निघाला तर त्याला कागद मिळायचे नाहीत, आता मिळतात. बाईसाहेबांनी वरच्या माळावर नजरेआड ठेवलेल्या पाचही जणींचं रक्त तपासून घेतलं. आईबाप जुळले, शिक्के बसले. बाईसाहेबांचे वडील, आपले धनी, असते तर त्यांनी यातली एकही जगू दिली नसती. पण मुलीला त्या विकवेनात. मोठ्या घरातल्या माणसालाही कधीतरी दया येते.

तू लिहितोस की तांबडा हा आपल्या घोड्यावरचा डाग आहे आणि बाबांनी जन्मभर तो डाग धुतला. बाबांनी जन्मभर लीद काढली, इसिदोरो. डाग धुण्याची भाषा धन्यांची होती.

परवाच बाईसाहेबांकडे परदेशी पाहुणे आले होते. त्यांना नेहमीची कहाणी ऐकवली गेली. राजाची पागा, मठातले संन्यासी, त्यांनी फौजेपासून लपवून वाचवलेल्या घोड्या, आणि शेपटीखाली चामखिळी असलेला तो नर, ज्याच्या वंशाला त्या चामखिळी असल्या तरच तो मठाचा खरा. पाहुण्यांनी माना डोलावल्या, एकानं तर शेपटीखाली वाकून पाहिलं. मी रोज शेपट्या उचलते. चामखीळ असलेलाही लाथ मारतो आणि नसलेलाही मारतो.

राजांचं राजांना ठाऊक. मला ठाऊक आहे ते खळं. या घोड्यांचे मुलगे लढाईला गेले, राजांच्या मांडीखाली नाचले, आणि आया गव्हात राहिल्या. पाचपाच जणी गळ्याला गळा बांधून खळ्यावर गोल फिरल्या, ओंब्या तुडवल्या, तेव्हा या मुलखात भाकरी झाली. पात तिथून आली. यंत्रं आली, खळी बुजली, आणि आता तीच पात रिंगणात वाळूवर टाळ्या घेते, तुम्ही लोक पांढरे कागद घेऊन तिला गुण देता. गव्हाला कधी कोणाचा रंग दिसला नव्हता. उलट खळ्यावरचे लोक काय म्हणायचे, आठवतं? 'तांबडा मरेल, पण दमणार नाही.'

आता दुसरं मागणं. तू घोडेस्वारीच्या शाळेत गेलास तेव्हापासून पागेतल्या घोड्या मी सांभाळते. बाबांना कमरेनं दगा दिल्यावर तर पात मीच शिकवली. वर्षभर मी पळायचं आणि जत्रेच्या रविवारी कुठला तरी पुरुष कोट चढवून कासरा धरणार, हे मी एकोणीस वर्षं पाहिलं. गेल्या वर्षीच्यानं तर आदल्या दिवशी मला विचारलं, 'यातली आतली कुठली?' त्याला बक्षीस मिळालं. यंदा मी शिंप्याकडे जाऊन कोट शिवून घेतला. तो म्हणाला, 'कितव्या पोराचा?' मी म्हटलं, 'लग्नच केलं नाही रे बाबा, माझ्याच मापाचा शिव.'

सकाळी आम्ही ऑलिव्हच्या बागेमागे सराव करतो. कानेला माझ्या हाताशी, मग तिघी, आणि सगळ्यात बाहेर आमापोला. वळताना कानेलानं जागच्या जागी पाय टाकायचे आणि आमापोलानं दुडक्या चालीनं मोठा फेरा मारायचा. पण पाच छात्या एका रेषेत राहायला हव्यात, दार बिजागरीवर फिरतं तशा. हळूहळू जमतंय. काल त्यांच्या आयाळी कातरल्या. नरांनी केस मिरवायचे आणि माद्यांनी कातरून कामाला लागायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. भाकरीच्या दुकानातली माणसं विचारतात, 'कोन्सोलासियोन, तू घोड्यांना पळवतेस की घोड्या तुला?' मी सांगते, ज्याला प्रश्न पडलाय त्यानं उद्या सकाळी कासरा धरून बघावा. अजून कोणी आलेलं नाही.

पत्रात तू दोनदा लिहिलंस की रंगाच्या बाबतीत तुझा डोळा कधी चुकला नाही. त्यावर मी चार ओळी लिहिल्या होत्या. खोडल्या. वरची ती काळी पट्टी त्याचीच आहे, उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, मी नीट खोडलंय.

वहिनींना नमस्कार. तेवीसला भेटूच.

तुझी बहीण,
कोन्सोलासियोन


फुएन्तेओलिवा,
१५ मे २००४

इसिदोरो,

खुशाली आज नाही.

सकाळी बाईसाहेबांनी मला बैठकीच्या खोलीत बोलावलं. मी चिखलाचे बूट बाहेर काढून मोज्यांवर आत गेले. त्यांच्या हातात तुझं पत्र होतं. मला उत्तर द्यायच्या ऐवजी तू त्यांना लिहिलंस. आपल्यात चाळीस-पन्नास वर्षांत झाली असतील तेवढी भांडणं झाली, पण माझ्या डोक्यावरून मालकाला सांगायला तू पहिल्यांदाच गेलास.

बाईसाहेब म्हणाल्या, "हे बघ, मला तुमच्या घरगुती भानगडीत पडायचं नाही. तुझा भाऊ म्हणतो, ही पात उतरली तर माझ्या वडिलांच्या पागेचं नाव जाईल. खरं का?"

मी म्हटलं, "तुमच्या वडिलांच्या पागेचं नाव तुम्ही शिक्के मारून घेतलेत तेव्हाच गेलं असेल तर गेलं, बाईसाहेब. आता तरी घोड्या पळू देत."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "बुधवारपर्यंत दोघं मिळून ठरवा." आणि पत्र माझ्या हातात दिलं. मी ते उभ्यानंच वाचलं. त्यात तू लिहिलंयस, 'सन एकाहत्तरच्या सप्टेंबरात, सतरा वर्षांचा असताना, मी तुमच्या वडिलांसमोर गोलोंद्रिनाच्या शिंगराचा रंग ओळखला. त्या दिवसापासून माझा डोळा चुकलेला नाही, आणि म्हणूनच हक्कानं सांगतो.'

ते वाक्य तू लिहायला नको होतंस. दुसरं काहीही लिहिलं असतंस तरी मी गिळलं असतं.

गोलोंद्रिना पांढरीशुभ्र होती. तिचं शिंगरू तांबडं जन्मलं, पेटत्या विटेसारखं. त्यात नवल काही नव्हतं, कारण पांढऱ्या आईचं शिंगरू पांढरं जन्मत नाही, काळं, तपकिरी, तांबडं, कसंही जन्मतं. पांढरं होणार असेल तर पुढे वर्षागणिक होतं. हे मला कोणी शिकवलं? तू. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तू माझी मान धरून वळवलीस आणि म्हणालास, "अंगाकडे बघू नकोस कोन्सो, पापणीकडे बघ. पालटणार असेल तर पहिले पांढरे केस पापणीच्या कडेला येतात." तेव्हा तू शिक्षक चांगला होतास.

सप्टेंबरात शिंगरू आईपासून तोडलं. धनी सेव्हिलच्या दोन पाहुण्यांना घेऊन अंगणात आले. तिथं आपण चौघं होतो, बाबा, तू, मी आणि ते शिंगरू. धनी म्हणाले, "बाल्दोमेरो, हे अजून इथं कसं?" बाबा टोपी हातात घेऊन म्हणाले, "धनी, हिवाळ्यापर्यंत थांबू या. पालटेल असं वाटतं." धन्यांना पाहुण्यांसमोर ते रुचलं नाही. त्यांनी तुझ्याकडे वळून विचारलं, "पोरा, तुझा डोळा चांगला आहे म्हणतात. तुला काय दिसतं?"

तू शिंगराचं तोंड धरलंस. डावीकडून पाहिलंस, उजवीकडून पाहिलंस. आणि म्हणालास, "तांबडंच राहील, धनी."

धन्यांनी तुझ्या पाठीवर थाप मारली. पाहुण्यांना म्हणाले, "याला घोडेस्वारीच्या शाळेत पाठवतो. बापापेक्षा पोरगं हुशार निघालं." बाबांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं तुला कोणी सांगितलेलं नाही.

बाबा त्याच दुपारी शिंगरू घेऊन निघाले, गावाबाहेरच्या खाटकाकडे. मी विहिरीपर्यंत मागे धावले. बाबा थांबले. शिंगराचं तोंड उन्हाकडे केलं आणि मला म्हणाले, "बघ." उजव्या पापणीला पाच-सहा पांढरे केस होते, डाव्या पापणीला दोन. आंधळ्यालाही बोटानं लागले असते.

मी म्हटलं, "बाबा, चला परत! धन्यांना दाखवू."

"आणि इसिदोरोला पाहुण्यांसमोर खोटं पाडू?"

"मग शिंगराला मारणार?"

बाबांनी कासरा हाताला गुंडाळला. मग म्हणाले, "घोडी दर वर्षी विते, कोन्सो. मोतद्दाराच्या पोराला शाळा दर वर्षी मिळत नाही. हे तू कोणाला सांगायचं नाहीस. त्याला तर कधीच नाही. त्याच्या डोळ्यावरचा त्याचा भरवसा मोडला, तर तो कुठल्याच कामाचा राहणार नाही."

ते गेले. संध्याकाळी नुसता कासरा घेऊन आले. आईनं गार सूप वाढलं, ते त्यांनी खाल्लं नाही. आठ दिवसांनी तू नवी पेटी घेऊन गाडीत बसलास, तेव्हा बाबा हसत होते.

त्र्याण्णव साली बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू दोनदा येऊन गेलास. तू नसताना एकदा त्यांनी मला विचारलं, "ती तांबडी आता कितीची असती गं?"

मी म्हटलं, "बावीस, बाबा."

"म्हणजे दुधासारखी झाली असती," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर पाच दिवसांनी ते गेले.

मी तेहतीस वर्षं त्यांचा शब्द पाळला. तू जिंकलास, तुझे फोटो छापून आले, तू परीक्षक झालास, दर नाताळात त्या सप्टेंबरची गोष्ट तू जेवणाच्या टेबलावर सांगितलीस आणि मी ताटल्या उचलायला उठले. आई म्हणायची, 'पोरगी गोष्ट ऐकायला बसत नाही.' आज तू ती गोष्ट माझ्याच घोड्यांवर चालवलीस, म्हणून मी शब्द मोडते. बाबांना वर भेटल्यावर काय उत्तर द्यायचं ते माझं मी बघेन.

त्या दिवशी तुझा डोळा चुकला की तू चुकलास, हे मला माहीत नाही. विचारतही नाही. पण ज्या डोळ्याच्या हक्कावर तू मला रिंगणाबाहेर ठेवू पाहतोस, त्या हक्काची हकीकत ही अशी आहे.

बाईसाहेबांना मी यातलं काही सांगितलं नाही. बुधवारपर्यंत थांबलेही नाही. बूट घालता घालता दारातूनच म्हटलं, "पात उतरणार, आणि धरणार मी." त्या म्हणाल्या, "कोट तरी नीट शिवलाय ना?"

तुझा माझ्यावर राग होईल. होऊ दे. माझाही तुझ्यावर आहे, आणि जीवही आहे. दोन्ही एकाच दावणीला बांधून मी इतकी वर्षं दाणापाणी करते आहे.

कोन्सोलासियोन


फुएन्तेओलिवा,
२७ मे २००४

प्रिय इसिदोरो,

बक्षिसाचा चषक माझ्या टेबलावर आहे. मी तो पुसलेला नाही. त्याच्यावर आमापोलाची लाळ वाळली आहे.

रविवारचं तू खुर्चीतून पाहिलंस, मी वाळूवरून सांगते. सात पाती होत्या. आमची पाचवी. आधीच्या चार पांढऱ्या गेल्या आणि फाटकातून आम्ही आत आलो तेव्हा मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. एक बाई ओरडली, "अगं बाई, तांबड्या!" आणि मग घोड्यांच्या गळ्यातल्या घुंगरांपलीकडे मला काही ऐकू आलं नाही. गुडघ्याला सांगितलं होतं, आज कुरकुरलास तर कापून टाकीन. तो बिचारा गप्प राहिला. पहिला फेरा सरळ गेला. थांबा म्हटल्यावर पाचही जणी एका रेषेत थांबल्या, वीस पावलं मागे आल्या, कोणाचा पाय वाकडा पडला नाही. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले. रिंगणात हसू नये म्हणतात. मी हसले.

मग तिसरं वळण. तिथं आमापोला बाहेरून दुडकी चाल सोडून चौखूर उधळली. चार पावलं. रेषा धनुष्यासारखी वाकली. मी कानेलाच्या मानेवर हात ठेवून आवाज दिला, आमापोला परत चालीवर आली, आणि आम्ही शेवट नीट केला. चूक माझी होती. वळणाआधी कासरा सैल सोडायचा असतो, मी टाळ्यांच्या नादात तो ओढून धरला.

आमच्यानंतर लेब्रिखा गावचा म्हातारा गास्पार आला. त्याच्या पाच पांढऱ्या घोड्या तिन्ही वळणं एका अंगानं फिरल्या. मी फाटकाशी उभी राहून पाहिलं आणि मनात म्हटलं, आपण दुसऱ्या. मला वाईट नाही वाटलं. तांबड्या घोड्या, बाई धरणारी, आणि पहिल्याच वर्षी दुसऱ्या! मी कानेलाला सांगितलंसुद्धा.

आणि मग भोंग्यावर आमचं नाव पहिलं पुकारलं.

लोकांनी टोप्या उडवल्या. बाईसाहेब मांडवात उभ्या राहून रडत होत्या. शिंपी सगळ्यांना माझा कोट दाखवत होता. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं पाहिलं असेल. पळणाऱ्याला सगळं दिसत नाही. तेवढ्यात गास्पार आला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "छान धरलीस पोरी. बाल्दोमेरोची आठवण झाली." मग हळूच म्हणाला, "तुझी बाहेरची चार पावलं उधळली. मी मोजली. तुझ्या भावाला मोजता येत नाही असं तर नाही ना?"

मी घोड्या हौदाकडे वळवल्या.

नंतर पाण्याच्या हौदापाशी तू आलास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू माझ्यासमोर टोपी काढलीस. घोड्या पाणी पीत होत्या. तू म्हणालास, "कोन्सो, ते पांढरे केस मी पाहिले होते. दोन्ही पापण्यांना. धन्यांना काय ऐकायचंय ते मला कळत होतं, आणि मला ती शाळा हवी होती." मग म्हणालास, "पुढे मी गोष्ट इतक्यांदा सांगितली की मलाच ती खरी वाटायला लागली."

मी तुला काही उत्तर दिलं नाही, म्हणून तू रागावून गेलास असं वहिनी फोनवर म्हणाल्या. मला रडू येत होतं, इसिदोरो, त्या शिंगरासाठी, बाबांसाठी, आणि सतरा वर्षांच्या तुझ्यासाठीसुद्धा. रडत असताना मला बोलता येत नाही, हे तू विसरलास.

आता बोलते. हौदापाशी तू खरं बोललास, ते मी मनापासून घेतलं. पण त्याच दुपारी, त्याच्या अर्धा तास आधी, तू कागदावर खोटं लिहून आला होतास. एका शिंगराची भरपाई तू चषकानं करू पाहिलीस. वाकलेली रेषा तुला दिसली आणि तू सरळ लिहिलीस. त्या वेळी धन्यांसाठी, या वेळी माझ्यासाठी. मधल्या मध्ये घोड्या तिथल्या तिथेच राहिल्या, त्यांच्याकडे पुन्हा कोणी पाहिलंच नाही. या माद्यांना आजवर कोणी त्यांच्या लायकीचं दिलं नव्हतं. तूही दिलं नाहीस. तू जास्तीचं दिलंस, आणि त्यामुळे लेब्रिखापासून इथवर सगळे उद्या म्हणतील, तांबड्या जिंकल्या कारण भाऊ खुर्चीत होता. मी वर्षभर कशासाठी पळाले?

मंगळवारी मी बसनं लेब्रिखाला गेले. चषक गास्पारच्या ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "हा तुमचा." तो दार अर्धं उघडून उभा होता. म्हणाला, "चषक मी दुकानातून चार आणीन. घरात ठेवायला जागा नाही. कागदावर काय लिहिलंय ते बदलून आण." मग मला आत बोलावून भाकरी आणि लोणी खायला घातलं, आणि कासरा वळणाआधी किती सैल सोडायचा ते हातानं दाखवलं. चषक परत माझ्या पिशवीत घालून मला बसपर्यंत सोडायला आला.

म्हणून आता कागद. तुझ्या सहीचा निकाल तुलाच बदलावा लागेल. समितीला लिही की तिसऱ्या वळणावर आमच्या पातीची बाहेरची घोडी चार पावलं चाल सोडून गेली, ते गुण वजा करायचे राहिले, पहिला क्रमांक लेब्रिखाचा. लोक म्हणतील, इसिदोरोचा डोळा चुकला. म्हणू देत. ते ऐकायला बाबा आता नाहीत, आणि त्यांच्यासारखं मी तुला वाचवणार नाही. बाईसाहेबांना मी सांगितलंय. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत; आज सकाळी पागेत येऊन म्हणाल्या, "दुसरा तर दुसरा."

पुढच्या मेमध्ये आम्ही परत उतरणार. खुर्चीत तू असलास तर बरंच. आमची चूक दिसली तर लिही, सरळ गेलो तर सरळ लिही. तेवढं तुझ्या हातून झालं तर नाताळात जेवायला ये, मी टेबलावरून उठणार नाही.

तुझी बहीण,
यंदा दुसरी आलेली,
कोन्सोलासियोन